दोन पाठी, एक खोगीर

माझ्या कमरेतली चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकली आहे, हे मला सत्ताविसाव्या वर्षी कळलं. पाच वर्षं रोज नऊ-दहा तास खुर्चीत पोक काढून कोड लिहिल्याचा त्यात मोठा वाटा, असं फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या. चार महिने व्यायाम केल्यावर डाव्या पायात उतरणारी कळ थांबली. शेवटच्या व्हिजिटला मी धीर करून विचारलं, "मॅडम, घोडेस्वारी शिकलो तर चालेल का?"

त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. म्हणाल्या, "कुठल्या घोड्यावर? कशा पद्धतीनं बसून? किती वेळ?"

तिन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. घोड्यावर बसायच्याही पद्धती असतात, हेच मला ठाऊक नव्हतं. लहानपणी एका थंड हवेच्या ठिकाणी, पुढे लगाम धरून चालणाऱ्या माणसाच्या भरवशावर पाच पॉइंट बघितले होते. तेवढाच माझा अनुभव. पण ते वेड तेव्हापासूनचं. लाखभराची एर्गोनॉमिक खुर्ची घेण्याऐवजी घोड्यावर बसायचं, हे घरच्यांना पटवणं कठीण होतं. मग ठरवलं की आधी नीट अभ्यास करायचा.

इंग्लिश, वेस्टर्न, ड्रेसाज, जंपिंग, एन्ड्युरन्स. प्रत्येकाचं खोगीर वेगळं, रिकिबीची लांबी वेगळी, पाठ कशी ठेवायची याचे नियम वेगळे. ऑफिसात एखाद्या जुन्या सिस्टीममध्ये असा पसारा दिसला की आम्ही एक गोष्ट करतो. तिची हिस्ट्री उघडतो. हा बदल कोणी केला, कधी केला आणि तेव्हा नक्की काय मोडलं होतं? खोगिराचंही तेच करायचं ठरवलं. इतिहासाच्या पुस्तकात घोडा येतो तो लढाईसाठी. मी मात्र एकच गोष्ट शोधत होतो: कोणाचं काय दुखत होतं?

हाडांनी ठेवलेली नोंद

दुखण्याची सगळ्यात जुनी नोंद लिहिलेली नाही, ती हाडांत आहे. २०२३ साली 'सायन्स अॅडव्हान्सेस' या नियतकालिकात एक संशोधन आलं. रुमानिया, बल्गेरिया आणि हंगेरीतल्या साडेचार ते पाच हजार वर्षं जुन्या सांगाड्यांमध्ये संशोधकांनी घोडेस्वारीच्या खुणा शोधल्या होत्या. ही माणसं यामनाया संस्कृतीची, गवताळ प्रदेशातली. खुणांची यादी अशी: मांडीच्या हाडावर आणि कटीवर स्नायू ओढले गेल्याचे ठसे, खुब्याच्या खोबणीचा बदललेला आकार, पडल्याच्या जखमा आणि वारंवार खालून वर बसणाऱ्या हादऱ्यांमुळे झिजलेले मणके.

ही शेवटची ओळ वाचताना मी नकळत खुर्चीत सरळ बसलो.

या निष्कर्षावर वाद आहे, हेही सांगायला हवं. अशा खुणा इतर कामांनीही उमटू शकतात, तेव्हा सांगाड्यावरून स्वार ओळखणं इतकं सोपं नाही, असा आक्षेप नंतर इतर अभ्यासकांनी घेतला. पण खालून येणारे हादरे मणक्यांना सोसावे लागतात, यावर वाद नाही.

लिहिलेली नोंद येते ग्रीकांकडून. हिपोक्रेटीसच्या नावावर असलेल्या ग्रंथांमध्ये हवा, पाणी आणि प्रदेश यांच्याविषयीचा एक ग्रंथ आहे, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या आसपासचा. त्यात काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या शकांचं वर्णन येतं. हे लोक सतत घोड्यावर असतात आणि त्यांचे पाय सतत लोंबकळत राहतात, म्हणून त्यांचे सांधे सुजतात, खुबे दुखतात आणि काही जण लंगडे होतात, असं निदान तिथे केलं आहे. त्या वैद्याचं सगळंच बरोबर नव्हतं. पण लोंबकळणाऱ्या पायांवर त्यानं बोट ठेवलं, ते महत्त्वाचं. पायाला आधार नसेल तर वरचं सगळं वजन बुडावर आणि कमरेवर येतं. माझ्या मॅडम ऑफिसच्या खुर्चीबद्दल हेच सांगत होत्या: पाय जमिनीला टेकतात का?

खुर्चीसारखं बसू नका

साधारण इ. स. पूर्व ३५० च्या सुमारास झेनोफन या ग्रीक सेनानीनं घोडेस्वारीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. तेव्हा ग्रीकांकडे ना सांगाड्याचं खोगीर होतं, ना रिकीब. पाठीवर फार तर एक कापड. तरी त्याचा सल्ला आजही प्रत्येक क्लबात ऐकू येतो: खुर्चीवर बसल्यासारखं बसू नका, पाय फाकवून ताठ उभे आहात असे बसा.

यामागचं गणित सोपं आहे. खुर्चीत बसलं की गुडघे पुढे येतात, कटी मागे कलते आणि कमरेची नैसर्गिक कमान सपाट होते. मग खालून आलेला हादरा थेट मणक्यांमधल्या गादीवर जातो. उभं राहिल्यासारखं बसलं की घोटा, गुडघा आणि खुबा हे तिन्ही सांधे स्प्रिंगसारखे काम करतात. मराठीत घोड्यावरच्या बैठकीला 'मांड' म्हणतात. मांड पक्की असणं म्हणजे मांड्यांनी घोडा आवळून धरणं, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात आवळून धरलं की खुबा जाम होतो आणि सगळे हादरे कंबर खाते.

झेनोफननं आणखी दोन गोष्टी लिहिल्या आहेत. एक, घोडा निवडताना 'दुहेरी' पाठीचा निवडावा, म्हणजे कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं आणि मधे पन्हळ. तसा घोडा बसायला मऊ असतो. दुसरी, मोतद्दाराला पारशी पद्धतीनं, म्हणजे प्राचीन इराणी लोकांसारखं, मालकाला वर चढवता आलं पाहिजे. मालक आजारी असेल किंवा म्हातारा होत असेल तर ते उपयोगी पडतं. मला हे वाचून फार बरं वाटलं. चोवीसशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकात दुखऱ्या माणसासाठी जागा होती.

प्लुटार्क सांगतो की, रोममध्ये गायस ग्राकसनं इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात रस्ते बांधले, तेव्हा कडेला ठरावीक अंतरावर दगड बसवले, कोणाच्या मदतीशिवाय घोड्यावर चढता यावं म्हणून. आज क्लबात लाकडी पायऱ्यांचा जो ठोकळा असतो, तो याच कुळातला. सुरुवातीला मी त्यावर चढायला लाजायचो. जमिनीवरून एक पाय रिकिबीत टाकून उडी घेणं सिनेमात छान दिसतं. पण त्यात आपला कणा पीळ खातो, खोगीर एका बाजूला ओढलं जातं आणि घोड्याचा कणाही पिळवटतो. ठोकळा वापरण्यात काहीही कमीपणा नाही.

खोगीरभरतीची बाजू

आता खोगीर. चीनमधल्या तुर्फानजवळ यांगहाय इथे एका स्त्रीच्या कबरीत चामड्याचं खोगीर सापडलं. ते इ. स. पूर्व ७०० ते ४०० या काळातलं, आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्या खोगिरांपैकी एक. त्याची रचना म्हणजे दोन चामडी उशा, आत गवताच्या काड्या आणि हरणाचे व उंटाचे केस यांचं मिश्रण. अल्ताय पर्वतातल्या पाझिरिक इथे बर्फात गोठून राहिलेल्या कबरींतली खोगिरंही अशीच. दोन उशा, त्यात हरणाचे केस आणि मधे घोड्याच्या कण्यासाठी मोकळी जागा.

ही मोकळी जागा म्हणजे खोगिराच्या इतिहासातला मोठा शोध, असं मला वाटतं. झेनोफनची दुहेरी पाठ निसर्गानं दिली तर मिळायची. इथे ती शिवून तयार केली. यातली गोम अशी की ही जागा स्वारासाठी नाही, घोड्यासाठी आहे. माणसाचं वजन कण्याच्या टोकांवर न येता दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पसरावं, एवढाच तिचा उद्देश.

आपला 'खोगीर' हा शब्द फारसीतून आला. मूळ अर्थ घाम टिपणारा, म्हणजे घोड्याच्या पाठीवर टाकायचं जाड भरीव आवरण. 'जीन' फारसी, 'रिकीब' अरबी. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिलेदाराच्या घोड्याची पाठ सोलली तर त्याची रोजीरोटीच बसली. भीमथडीच्या तट्टांनी उत्तरेपर्यंत मजल मारली, असं आपण अभिमानानं सांगतो. ती मजल त्या तट्टांच्या पाठीवर, म्हणजे खोगिराच्या भरतीवर अवलंबून होती.

आणि मराठीनं या भरतीचं काय केलं? जे मिळेल ते कोंबून जागा भरण्याला आपण 'खोगीरभरती' म्हणतो. चिंध्या, गवत, काहीही कोंबा. बहुतेक ठिकाणी ते तसंच होत असणार, म्हणून तर म्हण पडली. पण जी भरती एका बाजूला गोळा होते, ती त्याच जागी घोड्याच्या पाठीला टोचत राहते. इंग्लिश खोगिराच्या आत आजही लोकर भरतात. ती दबते, गाठी धरते, म्हणून ठरावीक काळानं उसवून पुन्हा भरावी लागते. ते काम करणारे कारागीर असतात आणि त्याचे चांगले पैसे घेतात. खरी खोगीरभरती हे कसबाचं काम आहे.

पाय टेकायला जागा

लोंबकळणाऱ्या पायांवर उत्तर सापडायला फार वेळ लागला. सांचीच्या शिल्पांत स्वाराच्या पायाशी दोरीचा फास दिसतो. चीनमध्ये चांगशा इथल्या इ. स. ३०२ च्या कबरीतल्या मातीच्या घोड्याला एकाच बाजूला छोटी रिकीब आहे, बहुधा फक्त चढण्यासाठी. दोन्ही बाजूंच्या रिकिबींची जोडी इ. स. ४१५ मधल्या फेंग सुफू याच्या कबरीत मिळाली. तिथून ती पश्चिमेकडे गेली. सहाव्या-सातव्या शतकांत आवार टोळ्यांबरोबर ती युरोपात पोहोचली.

रिकिबीमुळे युद्ध कसं बदललं, यावर इतिहासकारांनी भरपूर भांडून घेतलं आहे. पाठीच्या दृष्टीनं बदल एवढाच: आता घोड्यावर उभं राहता येऊ लागलं. मंगोल स्वार आखूड रिकिबीत उभे राहून दुडकी चाल मारतात. त्यांचं लाकडी खोगीर आपल्याला बसायला शिक्षा वाटेल. पण ते मुळात फार बसतच नाहीत.

दुडकी चालीत घोड्याचे तिरके दोन पाय एकदम पडतात. एक जोडी उचलली आणि दुसरी पडली, यामधे क्षणभर चारही पाय हवेत असतात. मिनिटाला साधारण दीडशे वेळा हे होतं. बसून राहिलात तर दीडशे हादरे. युरोपात टपालगाड्यांच्या जोडीतल्या एका घोड्यावर बसून गाडी हाकणारे स्वार असायचे. दिवसभराच्या हादऱ्यांतून सुटायला त्यांनी युक्ती काढली. एका ठोक्याला उठायचं, दुसऱ्याला टेकायचं. इंग्रजीत या उठाबशीला आजही त्यांच्याच नावावरून 'पोस्टिंग' म्हणतात. ही पद्धत कुठल्याही राजानं किंवा सेनापतीनं काढली नाही. पाठ दुखणाऱ्या नोकरदारांनी काढली.

दोन बैठकी आणि एक कॅप्टन

मध्ययुगीन स्पेनमध्ये बसण्याच्या दोन पद्धती शेजारी-शेजारी नांदत होत्या. एक 'ब्रीदा': लांब रिकीब, सरळ पाय, पुढे-मागे उंच कठडा असलेलं खोगीर. भाला घेऊन धडकणाऱ्या चिलखती सरदाराची ही बैठक. दुसरी 'हिनेता': उत्तर आफ्रिकेतल्या झनाता बर्बर लोकांकडून आलेली. रिकीब आखूड, गुडघे दुमडलेले, वळायला आणि उठायला सोपी. स्पॅनिश लोकांबरोबर दोन्ही अमेरिकेत गेल्या. तिथे गुरं राखणाऱ्या वाकेरोंच्या हातात खोगीर बदललं. दोर बांधायला पुढे शिंग आलं आणि दिवसभराचं वजन पसरायला खालचा सांगाडा रुंद झाला. तेच आजचं वेस्टर्न खोगीर. ते पंधरा-वीस किलोंपर्यंत जातं, इंग्लिश खोगीर त्याच्या निम्म्याहूनही हलकं. दिवसाचे दहा तास काम करणाऱ्या माणसाचं हे आसन आहे. कमी हादऱ्यांची संथ दुडकी आणि खोल बैठक.

अमेरिकी लष्करानं १८५९ मध्ये जॉर्ज मॅक्लेलन याचं खोगीर स्वीकारलं. त्यात बरोबर मधे, कण्याच्या वर, आरपार फट होती. घोड्याच्या पाठीला हवा लागायची. स्वाराचे मात्र हाल. लष्कराचा हिशेब स्पष्ट होता: स्वार कुरकुरत का होईना पुढे जातो, पाठ सोललेला घोडा जात नाही.

आणि मग आला इटलीच्या घोडदळातला कॅप्टन फेदेरिको काप्रिली, जन्म १८६८. तोवर अडथळ्यावरून उडी मारताना स्वार लांब रिकिबीत मागे रेलायचे. घोडा खाली उतरला की स्वाराचं सगळं वजन घोड्याच्या कमरेवर आदळायचं, लगामानं त्याचं तोंड ओढलं जायचं आणि स्वाराच्या स्वतःच्या कण्याला दणका बसायचा. काप्रिलीनं घोडा मोकळा असताना कशी उडी मारतो ते बघितलं, छायाचित्रांतून तपासलं. मग रिकीब आखूड केली, बूड खोगिरावरून उचललं आणि अंग पुढे घेतलं. वजन टाचांवर. १९०२ मध्ये त्यानं तुरिनला २.०८ मीटर उंच उडी मारून दाखवली. १९०७ मध्ये घोड्यावरून पडूनच तो गेला, चाळिशीही न गाठता. आज जगभर उडी मारणारा प्रत्येक स्वार त्याच्याच पद्धतीनं बसतो.

इथवर आल्यावर मला कळलं की माझा प्रश्नच चुकला होता. 'पाठदुखीसाठी कुठली पद्धत चांगली?' असं विचारून उपयोग नाही. प्रत्येक पद्धत एका कामाचं उत्तर आहे. दिवसभर गुरं राखायची असतील तर वेस्टर्न. उडी मारायची असेल तर काप्रिली. मैदानात घोड्याला नाचवायचं असेल तर ड्रेसाज, म्हणजे लांब पाय, खोल बैठक आणि प्रत्येक ठोका कमरेनं जिरवणं. मला काय करायचं होतं?

लिस हार्टेलची पाठ

उत्तराच्या जवळ मला नेलं एका डॅनिश बाईनं. १९४४ मध्ये लिस हार्टेलला पोलिओ झाला. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि गरोदर होती. बाळ सुखरूप जन्मलं, तिचे पाय मात्र गुडघ्याखाली कायमचे लुळे राहिले. ड्रेसाजमध्ये घोड्याशी बोलायचं ते पोटरीच्या आणि टाचेच्या हलक्या दाबानं. तिच्याकडे तेच नव्हतं. तिनं वजनाच्या हालचालीवर आणि पाठीवर काम केलं. घोड्यावर चढा-उतरायला दुसऱ्यांची मदत लागायची. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज पहिल्यांदा स्त्रियांसाठी खुलं झालं. तिनं 'ज्युबिली' या घोडीवर पुरुषांच्या बरोबरीनं उतरून रौप्यपदक घेतलं. १९५६ मध्ये पुन्हा घेतलं.

जे खोल बसणं माझ्या गादीला सगळ्यात अवघड, तेच तिचं बळ ठरलं. तिनं कामच असं निवडलं की तिच्याकडे जे शिल्लक होतं ते तिथे चाललं. माझ्याकडे पाय शिल्लक होते, दुखत होती ती कंबर. म्हणजे मला तिच्या उलट टोकाला जायला हवं होतं.

घामाचा नकाशा

पुण्याबाहेरच्या एका छोट्या क्लबात मी जाऊ लागलो. पहिल्या दिवशी तिथल्या वयस्कर मोतद्दारांना मी माझी पूर्ण केस ऐकवली. मणका, एमआरआय, शक, काप्रिली, सगळं.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दादा, तुमच्या पाठीचं तुम्ही एवढं वाचलंत. आता याची पाठ बघा."

त्यांनी नुकत्याच फिरवून आणलेल्या घोड्याचं खोगीर उतरवलं. पाठ ओली होती. मामांनी माझा हात धरून कण्याच्या दोन्ही बाजूंनी फिरवला. "घाम दोन्हीकडं सारखा पाहिजे. मधेच कोरडा पट्टा दिसला तर समजायचं, तिथं खोगीर दाबतंय नाहीतर टेकतच नाही." मग शेजारच्या घोडीच्या खांद्यावरचे पांढरे केसांचे ठिपके दाखवले. "हे रंगाचं नाही. कुणीतरी लागेल ते खोगीर घातलं होतं. जखम भरली, केस पांढरे आले. ती इथं यायच्या आधीचं आहे."

खोगीर म्हणजे घाम टिपणारा. तो शब्द मी शब्दकोशात वाचला होता, त्याचा अर्थ इथे तळहाताला कळला. ओल्या पाठीवर रोजचा लॉग लिहिलेला असतो, फक्त वाचायला कोणीतरी हवं. मी तीन महिने स्वतःच्या पाठीला सोयीचं खोगीर शोधत होतो. पण घोड्याला ते टोचत असेल तर तो पाठ ताठ करतो, पावलं आखडतो, आणि ताठ पाठीचा हादरा थेट माझ्या मणक्यात येतो. त्याची पाठ मोकळी तर माझीही मोकळी.

माझी निवड शेवटी अशी झाली. फार रुंद नसलेला घोडा, कारण पाय जास्त फाकले की माझी कंबर आखडते. साधं इंग्लिश खोगीर, लोकर नीट भरलेलं. रिकीब मध्यम आखूड. चढायला ठोकळा, नेहमी. वीस मिनिटं, बहुतेक वेळ चालच. दुडकी फक्त उठाबशीची, टपालवाल्यांसारखी. बसून दुडकी नाही, उड्या नाहीत. तुमच्या पाठीला दुसरंच काही लागेल. ते तुमच्या डॉक्टरांना आणि शिकवणाऱ्याला विचारा. मॅडमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मी लिहून नेली, तेव्हा त्यांनी वाचली आणि म्हणाल्या, "वीस मिनिटं झाली की उतरायचं. मजा येत असली तरी."

मजा येते, म्हणूनच उतरणं अवघड जातं. उतरल्यावर खोगीर मी स्वतः काढतो. मामा बाजूला उभे असतात. मी दोन्ही तळहात कण्याच्या दोन बाजूंना ठेवतो आणि घाम सारखा आहे का ते बघतो. गेल्या रविवारी डाव्या बाजूला चार बोटं कोरडी लागली.

"भरती दबली," मामा म्हणाले. "उसवायला द्यायला पाहिजे."

दुसऱ्या रविवारी त्या घोड्याला सुट्टी होती. म्हणून मलाही.